पट्टीवरचा जिल्हा

मित्रांनो, मला छत्री म्हणतात, पण माझ्याखाली उभं राहून आजवर कोणी पावसापासून वाचलेलं नाही. मी टीव्हीची छत्री आहे. बारा वर्षं झाली मला. आमच्यात हे वय म्हातारपणाचं समजतात. माझा चेहरा उजव्या बाजूला चेपला आहे. तीन पायांपैकी एक पाय दुसऱ्याच कुठल्यातरी तिपाईचा आहे. माझ्या पाठीवर निळ्या शाईत काही शब्द लिहिले होते, त्यातले आता दोनच वाचता येतात. ते कोणी लिहिले आणि का, ते सांगेनच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला उथळ वाटीसारखा आकार दिला, वर राखाडी रंग मारला आणि खोक्यात घातलं. माझ्याबरोबर तयार झालेल्या बहुतेक बहिणी घरांच्या भिंतींना पक्क्या ठोकल्या गेल्या. त्यांना जन्मभर एकच आकाश दिसलं. माझ्या वाट्याला मात्र तिपाई आली, कारण मला विकत घेणाऱ्यांचं घर चाकांवर होतं.

त्यांची नावं मायलो आणि डेलोरिस सिमेक. नेब्रास्का राज्यातल्या सलीन जिल्ह्यातलं त्यांचं गाव लहान आहे. मायलो तिथल्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. यंत्रांच्या आवाजानं त्याचा डावा कान गेलेला. डेलोरिस एकतीस वर्षं गावच्या टपाल कचेरीत खिडकीमागे बसली. दोघं निवृत्त झाली आणि त्यांनी एक घरगाडी घेतली. आत पलंग, चूल, मोरी, जेवायचं टेबल, सगळं होतं. ऑक्टोबरात थंडी सुरू झाली की ती दक्षिणेला निघायची आणि वसंतात परत यायची. मी त्यांच्या सामानाच्या कप्प्यात, घड्या घालायच्या खुर्च्यांच्या शेजारी, जुन्या गोधडीत गुंडाळलेली असे.

माझं काम सांगायला सोपं आहे. दक्षिणेच्या आकाशात फार उंचावर एक उपग्रह एकाच जागी टांगल्यासारखा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. माझं तोंड नेमकं त्याच्याकडे वळवायचं, बस्स. पण करंगळीभर चूक झाली तरी आतला पडदा काळाच राहतो. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. एकानं बाहेर मला धरून हळूहळू वळवायचं, दुसऱ्यानं आत टीव्हीवरचा आकडा वाचून ओरडायचं. आकडा वाढला की चित्र जवळ आलं.

मायलो बाहेर, डेलोरिस आत. तिचा आवाज टपाल कचेरीत तयार झालेला होता, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

"डावीकडे! अरे, डावीकडे म्हटलं ना!"

"डावीकडेच फिरवतोय!"

"ते उजवं आहे!"

"तू खिडकीतून बघतेस, मी खिडकीकडे बघतोय. तुझं डावं ते माझं उजवं!"

"चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून याला डावं-उजवं कळत नाही!"

पहिल्या वर्षी तळावरचे, म्हणजे अशा घरगाड्या भाड्यानं जागा घेऊन थांबतात तिथले, शेजारी खुर्च्या घेऊन हे बघायला बसायचे. एक म्हातारा तर घरून मक्याच्या लाह्या घेऊन आला होता. गाडीच्या एका अंगाला तळं होतं, दुसऱ्या अंगाला रस्ता. शेवटी डेलोरिस शाईची निळी कांडी घेऊन बाहेर आली आणि माझ्या पाठीवर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डावं-उजवं बंद. तळं किंवा रस्ता.' त्या दिवसापासून ती ओरडायची, "तळ्याकडे! अजून जरा तळ्याकडे! आता रस्त्याकडे, केसभर. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी! थांब. मी सांगेपर्यंत हात सोडू नकोस!" आणि मायलो मला दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहायचा. मग ती म्हणायची, "सोड." मग तो स्क्रू आवळायचा आणि पाण्यानं भरलेला कॅन माझ्या पायांमध्ये लटकवायचा, म्हणजे वाऱ्यानं मी हलू नये.

भांडण आणखी एका गोष्टीवरून व्हायचं. मायलोला गाडी झाडाखाली लावायला आवडे आणि झाडाच्या पानांतून मला काही दिसत नाही. "सावली हवी की बातम्या?" डेलोरिस विचारायची. मायलो गुपचूप गाडी उन्हात घ्यायचा.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सगळ्या देशाचे चॅनेल सगळ्या देशात दिसतात. पण एखाद्या भागाचे स्वतःचे चॅनेल असतात. तिथल्या बातम्या, तिथल्या शाळांचे सामने, तिथे कोण वारलं आणि कोणाच्या शेतात आग लागली, आणि मुख्य म्हणजे तिथलं हवामान. हे चॅनेल उपग्रह फक्त त्या भागावर टाकतो, विजेरीचा गोल झोत जमिनीवर पडावा तसे. झोताबाहेर गेलं की ते बंद. मग कंपनीला फोन करून सांगायचं, की आमचा मुक्काम आता अमुक ठिकाणी आहे, आम्हाला इथले चॅनेल द्या.

हे फोन डेलोरिस करायची आणि तिला ते फार आवडायचे. "पुन्हा हललो, बाळ," ती फोनवरच्या मुलीला म्हणायची. "लिहून घे नवा पत्ता. तू कुठली? तुझ्याकडे पाऊस आहे का?" टीव्हीचं खातं तिच्याच नावावर होतं. मायलोनं कधी फोनला हात लावला नाही.

"माणसाला आपला पत्ता ठाऊक हवा," ती म्हणायची. टपालाच्या खिडकीतून तिनं अपुऱ्या पत्त्याची इतकी पत्रं पाहिली होती की तिला त्याची चीडच होती.

आणि त्यातूनच ती पट्टी आली. आमच्या भागात वसंतात टोर्नॅडो येतात. ढगातून सोंड खाली उतरते आणि ज्यावरून जाते ते उचलून नेते. टीव्हीवर इशारा देतात तो जिल्ह्याचं नाव घेऊन. तिथल्या रहिवाशाला आपला जिल्हा झोपेतही माहीत असतो. पण चाकांवरच्या घरात राहणारा माणूस काल एका जिल्ह्यात आणि आज दुसऱ्यात. त्याला कसं कळावं, की हे नाव आपलं आहे? म्हणून नव्या तळावर पोचल्यावर डेलोरिस पहिलं काम हे करायची. कचेरीत जाऊन विचारायची, "हा जिल्हा कुठला?" मग कागदी चिकटपट्टीवर निळ्या शाईनं ते नाव लिहून टीव्हीच्या वरच्या कडेला लावायची. जुनी पट्टी ती फेकायची नाही. भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एकाखाली एक लावून ठेवायची. अकरा वर्षांत ते दार भरत आलं होतं.

तिचे नियम दोन. पहिला, इशारा आला की पट्टी बघायची. दुसरा थोडा विचित्र वाटेल. मोठा ढग आला की मला उपग्रह दिसेनासा होतो. ज्या वेळी माझी सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच वेळी मी आंधळी होते. याची मला फार लाज वाटायची. पण डेलोरिसनं त्याचाही उपयोग करून घेतला. "चित्र फुटायला लागलं की बूट घालायचे," ती म्हणायची. "परत यायची वाट बघत बसायचं नाही. ही छत्री बोलायची थांबली ना, म्हणजे तिनं सांगायचं ते सांगितलं."

मित्रांनो, माझी इतकी कदर दुसऱ्या कोणी केली नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही ओक्लाहोमात ब्लेन जिल्ह्यातल्या एका तळावर थांबलो. ती नाव विचारून आली, पट्टी लावली, फोन केला, पत्ता दिला. तिथल्या चॅनेलवर हवामान सांगणारा माणूस रोज निळा टाय घालायचा. तो तिला आवडे. "हा माणूस घाबरवत नाही, नुसतं सांगतो," ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी जोराचा वारा आला आणि मी थोडी फिरले. चित्र गेलं. भट्टीत तिचे खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाची, भाजत आले होते. ती हात पुसून टीव्हीपाशी आली. मायलो बाहेर आला आणि त्यानं मला धरलं.

"रस्त्याकडे," ती म्हणाली. "बासष्ट. अजून. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. थांब, हात सोडू नकोस."

मायलोनं हात सोडला नाही. तो वाट बघत उभा राहिला.

"पुढे?" त्यानं विचारलं. "डेल? सोडू का?"

त्याला वाटलं ती भट्टीकडे गेली असेल. एकच कान चालतो त्याचा. तो मला धरून उभा राहिला, तिनं सांगितल्याप्रमाणे. मिनिटभर असेल. मग भाजल्याचा नाही, जळल्याचा वास आला आणि तो आत धावला.

तिचं हृदय बंद पडलं होतं. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, पण उपयोग झाला नाही. तिला गावी नेऊन पुरलं. गाडी आणि मी दहा दिवस त्या तळावरच होतो. माझ्या अंगाचे स्क्रू ढिले होते, पण वारा नव्हता, म्हणून त्यानं जिकडे तोंड करून मला धरलं होतं तिकडेच मी बघत राहिले. आतल्या टीव्हीवर निळ्या टायचा माणूस दहा दिवस, ऐकणारं कोणी नसताना, बोलत होता. टीव्ही बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मायलो परत आला. त्याच्या मुलीला, रोंडाला, वाटलं तो गाडी न्यायला गेला आहे. पण तो घरी गेला नाही. पुढे दक्षिणेलाही गेला नाही. चार-सहा आठवडे एका तळावर राहायचा, मग पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या. पण झोताच्या बाहेर कधी नाही. बाहेर गेलं तर पत्ता बदलावा लागणार. पत्ता बदलायचा तर कंपनीला फोन करावा लागणार. आणि खातं डेलोरिसच्या नावावर, म्हणजे फोनवरची मुलगी पहिल्यांदा तिलाच बोलवायला सांगणार. तो त्या झोतातच गोल गोल फिरत राहिला. घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलासारखा म्हणा ना.

पट्टीही त्यानं बदलली नाही. टीव्हीवर तिच्या अक्षरात 'ब्लेन' होतं, ते तसंच राहिलं.

दर रविवारी रोंडाचा फोन यायचा. त्याला ऐकू यावं म्हणून तो आवाज मोठा करून टेबलावर ठेवायचा, त्यामुळे मलाही खिडकीतून ऐकू यायचं.

"बाबा, घरी ये ना. तुझे भाजीचे वाफे गवतानं भरलेत."

"येईन."

"कधी?"

"इथलं हवामान बरंय."

"बाबा, काल तिकडे गारा पडल्या. मी बघितलं."

"छोट्या होत्या."

एप्रिलात आम्ही कॅडो जिल्ह्यात एका तळ्याकाठच्या तळावर आलो. मला एकट्यानं लावायला मायलोला पाऊण तास लागायचा. बाहेर येऊन मला केसभर वळवायचं, आत जाऊन आकडा बघायचा, पुन्हा बाहेर. शेजारच्या गाडीत ओपल नावाची बाई होती. आर्कान्सातली, सत्तरी ओलांडलेली, एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. तिच्या मांडीवर जेमतेम दोन किलोचं एक कुत्रं असे. ती खुर्चीत बसून मायलोच्या फेऱ्या मोजत होती.

"अहो दादा," ती शेवटी म्हणाली, "एकवीस फेऱ्या झाल्या. कोंबडी हरवलीय का?"

"टीव्ही लावतोय."

"मी आत बसून आकडा वाचू का?"

"नको," मायलो म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "आभारी आहे. पण नको."

ओपलनं पुन्हा विचारलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या पायरीवर झाकण ठेवलेली घेवड्याची भाजी ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी रिकामं भांडं मागायला आली. मग रोज काहीतरी मागायला येऊ लागली. कधी मीठ, कधी पाना. तिच्याकडे तीन पाने होते, मी पाहिले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. हवा दमट आणि जड झाली होती, तळ्यावर एक पक्षी नव्हता. निळ्या टायचा माणूस तीन वाजल्यापासून उभा राहून बोलत होता. त्यानं कोट काढला होता. डेलोरिस असती तर म्हणाली असती, "त्यानं कोट काढला, मायलो. ऊठ."

पडद्यावर जिल्ह्यांचा नकाशा होता, चौकोन चौकोन. खालचा एक चौकोन लाल झाला. "कॅडो जिल्हा," तो माणूस म्हणाला. "कॅडोतल्या लोकांनी आत्ताच आसरा घ्या. गाडीत असाल, फिरत्या घरात असाल, तर तिथून निघा."

मायलोनं पट्टी बघितली. ब्लेन. ब्लेनचा चौकोन वरचा. तो पांढराच होता. मायलो खुर्चीत मागे टेकला.

मित्रांनो, त्याला वेड लागलं नव्हतं. तळावर येताना रस्त्यावरची जिल्ह्याची पाटीही त्याला दिसली होती. पण अकरा वर्षं त्याची सवय एकच. इशारा आला की पाटी आठवायची नाही, नकाशा शोधायचा नाही, पट्टी बघायची. ती पट्टी अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. मला फक्त ऐकता येतं आणि ऐकलेलं वायरीतून आत पाठवता येतं. तो माणूस म्हणाला, कॅडो, आणि मी ते शब्द जसेच्या तसे आत पाठवले. यापेक्षा जास्त काही माझ्या हातात नव्हतं.

मग ढग पुढे आला. तो ढग हिरवट होता. आतलं चित्र चौकोनी तुकड्यांत फुटायला लागलं. निळा टाय एकीकडे, तोंड दुसरीकडे. मग पडदा काळा. मी बोलायची थांबले.

मायलोनं बुटांकडे बघितलं. ते दाराशी होते. त्यानं एका बुटात पाय घातलाही. मग पुन्हा पट्टीकडे बघितलं आणि तसाच, एका पायात बूट घालून, बसून राहिला.

तळाच्या मध्यभागी सिमेंटच्या विटांची न्हाणीघराची इमारत आहे. सगळे तिकडे धावत गेले. एवढ्यात गावाचा भोंगा सुरू झाला. आणि गारांतून, कुत्रं कोटात खोचून, ओपल उलट्या दिशेनं, आमच्याकडे पळत आली. तिनं दारावर दोन्ही मुठी मारल्या.

"मायलो! बाहेर ये!"

त्यानं दार उघडलं. "ते कॅडोत आहे," तो म्हणाला. "खाली. आपण ब्लेनमध्ये आहोत."

"कुठल्या ब्लेनमध्ये?"

त्यानं टीव्हीकडे बोट दाखवलं.

ओपलनं पट्टी वाचली. "अरे म्हाताऱ्या, हेच कॅडो! ब्लेन मागे राहिलं! मी डोकी मोजली आत, अकरा हवीत आणि दहा भरली. बस घेऊन मी कधी एक मूल सोडून निघाले नाही, आता तुझ्यासाठी निघू का? चल!"

"पण ही पट्टी डेलनं..."

"चल म्हणते ना!"

तिनं त्याला दंडाला धरून ओढलं. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा तो तिच्या मागे धावला. मी त्या दोघांना न्हाणीघराच्या दारात शिरताना पाहिलं. त्यानंतर पाण्याचा कॅन सुटला, माझा एक पाय मोडला आणि मी गवतावरून घरंगळत कुंपणापर्यंत गेले. मग माझं तोंड जमिनीकडे होतं. म्हणून ती सोंड मी पाहिली नाही. नुसता आवाज ऐकला. मालगाडीसारखा आवाज येतो असं लोक सांगतात, पण मला तो दळणाच्या गिरणीसारखा वाटला.

ती तळ्याच्या पलीकडून गेली. होड्यांच्या शेडचं छप्पर गेलं, तीन गाड्या आडव्या झाल्या. आमच्या गाडीचा बाहेरचा कापडी मांडव फाटला आणि वरची खिडकी फुटली. माणूस एकही गेला नाही. अकरा होते, अकराच बाहेर आले. ओपलनं पुन्हा मोजले.

संध्याकाळी ऊन पडलं. मायलोनं मला कुंपणातून सोडवून आणलं आणि पायरीपाशी आडवं ठेवलं. ओपल कॉफी घेऊन आली.  कुत्रं माझ्या चेपलेल्या भागात साचलेलं पाणी प्यायलं.

"येताना रस्त्यावर पाटी दिसली नाही तुला?" ओपलनं विचारलं.

"दिसली होती."

"मग?"

"पट्टी तिनं लावलेली. ती चुकत नाही कधी."

ओपलनं कपातल्या कॉफीकडे बघितलं. "ती चुकली नाहीच," ती म्हणाली. "ती होती तिथलं नाव बरोबरच लिहिलंय. हललास तू."

मायलो उठून आत गेला. मला वाटलं त्याला राग आला. पण खिडकीतून मला कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. चिकटपट्टी जुनी झाली की ती सावकाश सोडवावी लागते, नाहीतर फाटते. 'ब्लेन' लावायला दारावर जागा शिल्लक होती, सगळ्यात खाली, एकाच पट्टीपुरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर मला मांडीवर घेऊन बसला आणि रबरी हातोड्यानं माझा चेहरा आतून ठोकून सरळ करू लागला. शेजारी फोन ठेवला होता, आवाज मोठा करून. थोडा वेळ फोनमध्ये वाजंत्री वाजत राहिली. मग एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"पत्ता बदलायचाय."

"हो, करते ना. खातं डेलोरिस सिमेक यांच्या नावावर आहे. त्या आहेत का? मला त्यांच्याशी बोलावं लागेल."

हातोडा हवेतच थांबला.  शेजारी ओपल कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच राहिला.

"नाही," मायलो म्हणाला.

"मग त्या कधी भेटतील? मी पुन्हा फोन करू शकते."

"बाळ," तो म्हणाला, "ती वारली. ऑक्टोबरात, सतरा तारखेला." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "मी बाहेर होतो. छत्री धरून उभा होतो. तिनं सोड म्हटलं नव्हतं."

 पलीकडच्या मुलीनं घाई केली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "मला फार वाईट वाटलं, काका. नाव मी बदलून घेते. तुमच्या सवडीनं सांगा, नवा पत्ता काय लिहू?"

"घरचा लिही," मायलो म्हणाला. "नेब्रास्का. सलीन जिल्हा. मी घरी चाललोय."

त्याच दुपारी दुसऱ्या कोणाच्या मोडक्या तिपाईचा पाय मला बसवला. मी चालते का, ते बघायचं होतं. मायलोनं मला उभं केलं आणि ओपलकडे बघितलं.

"जातेस आत?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणत ती आधीच पायऱ्या चढली होती. आतून ओरडली, "चाळीस! एकेचाळीस! अरे, आता एकोणचाळीस झाले, काय करतोयस? डावीकडे घे!"

"डावं-उजवं बंद," मायलो म्हणाला. "तळं का रस्ता, ते सांग."

"मला इथून तळं दिसत नाही! कुत्र्याकडे घे!"

मायलो हसला. सात महिन्यांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. आकडा एकसष्टवर गेला आणि तिथेच थांबला. निळ्या टायच्या माणसाचं चित्र काही आलं नाही, येणारच नव्हतं. आमचे चॅनेल आता इथले राहिले नव्हते, तिकडचे झाले होते, आणि तो झोत इथून फार लांब होता.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. ओपलनं फाटका मांडव दोरीनं बांधून दिला आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. न केलास तर मी एक डोकं कमी धरीन आणि बस घेऊन येईन." उत्तर कान्सासमध्ये एका रिकाम्या तळावर मायलोनं गाडी उन्हात लावली. जवळच मोठं झाड होतं, पण त्यानं तिकडे बघितलंही नाही. कचेरीत गेला, विचारून आला, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत पट्टी लिहून टीव्हीवर लावली. मग मला लावलं. एकवीस नाही, नऊ फेऱ्यांत. आत आमच्या गावाकडचा चॅनेल लागला. कोणाच्या तरी शाळेतली मुलं बेसूर गात होती, आणि खाली सरकत्या पट्टीवर उद्याच्या पावसाची बातमी होती.

मित्रांनो, आता मी त्याच्या घरामागे, भाजीच्या वाफ्यांपाशी उभी आहे. गवत काढून झालं आहे. ऑक्टोबरात आम्ही पुन्हा दक्षिणेला जाणार आहोत, तोवर इथेच. एकसष्टच्या वर आता माझा आकडा जात नाही. पूर्वी ऐंशी यायचा. पण एकसष्टलाही चित्र दिसतं, थोडं कमी स्वच्छ, पण दिसतं.

माझं मागणं थोडंसंच आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या अंगावरची धूळ कधीमधी पुसत जा. त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलं असेल तर पुसताना ती जागा तेवढी सोडा. आणि तुमच्या आसपास एखादं माणूस एकटं राहिलं असेल, तर त्याला बरं आहेस का असं विचारू नका. तो बरं आहे असंच म्हणणार. त्याच्या दाराशी जाऊन काहीतरी मागा, मीठ किंवा पाना, आणि आत डोकावून बघा, की तो आत्ता कुठे आहे. मागेच राहिला असेल तर हाताला धरून आणा.

काल वाऱ्यानं मी जराशी फिरले. मायलो बाहेर आला, मला धरलं, केसभर रस्त्याकडे वळवलं. मग खिडकीपाशी जाऊन वाकून आतला आकडा बघितला आणि परत येऊन, अगदी मोठ्यानं, जणू रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, "एकसष्ट! सोड!"

आणि त्यानं हात सोडला.